बातमीतला ब्रेंटचा भाव आणि जहाजात भरलेल्या बॅरलचा भाव: मधला फरक कोण ठरवतं?

नफातोटा

'ब्रेंट ८० डॉलरवर' अशी बातमी आली की चर्चा लगेच ओपेकवर, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेवर, जाते. ब्रेंट हे उत्तर समुद्रातलं तेल, त्याचा भाव जगभर मापदंड मानतात. पण बरोबर त्या ८० डॉलरला तेल घेणारी रिफायनरी शोधायला गेलात तर सहसा सापडणार नाही. दीर्घ मुदतीच्या करारात आकडा नसतो, सूत्र असतं. आधाराला एक मापदंड भाव, त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा फरक, आणि भाव कोणत्या दिवसांच्या सरासरीने धरायचा याची अट. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लोकांच्या हातात आहेत. माझं म्हणणं असं की तेलाचं राजकारण कळायचं असेल तर बैठकांच्या बातम्यांआधी हे सूत्र उलगडावं.

सूत्र आलं कुठून? १९७३ नंतरची काही वर्षं निर्यातदार देश थेट किंमत जाहीर करत. ती टिकवण्यासाठी सौदी अरेबियाने उत्पादन कापत नेलं. १९८० च्या सुमारास दिवसाला एक कोटी बॅरल होतं, ते १९८५ मध्ये ३५ लाखांच्याही खाली गेलं. गिऱ्हाईक इतरांकडे वळलं, कारण इतर जण जाहीर किमतीच्या खाली विकत होते. शेवटी सौदीने 'नेटबॅक' पद्धत आणली: रिफायनरीला तयार मालाचे जे पैसे मिळतील त्यातून तिचा खर्च आणि ठरलेला नफा वजा करून उरेल ती तेलाची किंमत. रिफायनरीचा नफा पक्का झाल्यावर ती मिळेल तेवढं तेल गाळणार, हे उघड होतं. बाजार तयार मालाने भरला आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरच्या आसपास आपटला. त्याच वर्षी मेक्सिकोच्या पेमेक्स या सरकारी तेल कंपनीने सूत्राने भाव लावायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचे त्याच वाटेने गेले.

आजचं उदाहरण घेऊ. सौदी अरामको ही सरकारी कंपनी आशियातल्या गिऱ्हाइकाला अरब लाइट हे तेल विकते तेव्हा आधाराला ब्रेंट नसतोच. तिथे दुबई आणि ओमान यांच्या भावांची, माल भरला त्या महिन्याची सरासरी धरतात. त्यावर अरामको दर महिन्याला जाहीर करते तो 'अधिकृत विक्री फरक' चढतो. युरोपसाठी आधार ब्रेंट वायद्याचा, अमेरिकेसाठी २०१० पासून आर्गस या भाव काढणाऱ्या संस्थेचा आंबट (जास्त गंधकाच्या) तेलाचा निर्देशांक. म्हणजे एकाच टाकीतल्या तेलाचे एकाच दिवशी तीन भाव. दुबई-ओमानची सरासरी ७८ आणि फरक अधिक १.५० धरला तर आशियाई खरेदीदाराला जहाजात भरलेला बॅरल ७९.५० ला पडतो. भाडं आणि विमा त्याच्या माथी. उत्पादन कपातीची बातमी पहिल्या पानावर येते, पण बाजारातला वाटा राखण्याची खरी लढाई या दीड डॉलरवर होते. फरक वाढवला की गिऱ्हाईक कराराच्या मर्यादेत माल कमी उचलतं आणि उरलेली गरज हजर बाजारातून भागवतं. कमी केला की शेजारच्या इराक-कुवेतलाही आपला फरक खाली आणावा लागतो.

---

जिज्ञासा

मांडणी आवडली. एक मूलभूत शंका. ब्रेंट क्षेत्रातलं उत्पादन तर संपत आलं असं वाचलं होतं. मग जगाचा मापदंड अजून तोच कसा?

---

पिंपगणित

@जिज्ञासा, नाव ब्रेंट राहिलं, आतला माल बदलत गेला. 'डेटेड ब्रेंट' हा मापदंड आज सहा तेलांवर उभा आहे: ब्रेंट, फोर्टीज, ओसेबर्ग, इकोफिस्क, २०१८ पासून ट्रोल, आणि जून २०२३ च्या मालापासून टेक्सासचं डब्ल्यूटीआय मिडलँड. प्लॅट्स ही भाव काढणारी संस्था लंडनच्या वेळेनुसार दुपारी साडेचारला संपणाऱ्या अर्ध्या तासातल्या बोली, देकार आणि सौदे पाहून भाव काढते. दहा दिवसांपासून महिन्याभरापर्यंत पुढे भरायच्या जहाजांचा हा भाव असतो. गुणवत्तेची वजाबाकी-बेरीज झाल्यावर सहांपैकी जे सर्वांत स्वस्त ठरेल ते भाव ठरवतं.

यातलं मर्म शेवटच्या वाक्यात आहे. मिडलँड आल्यापासून अनेक दिवशी तेच स्वस्त ठरतं. मग टेक्सासहून रॉटरडॅमला येणाऱ्या जहाजाचं भाडंही उत्तर समुद्राच्या मापदंडात शिरतं, कारण मिडलँडचा रॉटरडॅममधला पोहोच भाव घेऊन त्यातून फक्त उत्तर समुद्रातल्या बंदरांहून रॉटरडॅमपर्यंतचं भाडं वजा केलं जातं. युरोपच्या मापदंडात अमेरिकी शेल तेल (खडक फोडून काढलेलं) बसलं ही मला गेल्या दहा वर्षांतल्या कोणत्याही बैठकीपेक्षा मोठी घटना वाटते.

आणि आधार अरुंद असला की काय होतं तेही पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये फोर्टीजच्या पाइपलाइनला केसाएवढी चीर सापडली आणि वाहिनी काही आठवडे बंद राहिली. तिच्यातून जाणारं तेल जगाच्या उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण ते मापदंडातलं तेल होतं, म्हणून पश्चिम आफ्रिकेपासून भूमध्य समुद्रापर्यंत डेटेड ब्रेंटवर बांधलेल्या सगळ्या सौद्यांना झळ बसली.

दुबईची गोष्ट आणखी टोकाची. दुबईचं स्वतःचं उत्पादन फारच थोडं उरलंय. म्हणून तिथे २५ हजार बॅरलचे तुकडे विकले जातात. एकाच विक्रेत्याकडून एकाच खरेदीदाराकडे असे २० तुकडे जमले की पाच लाख बॅरलचा खरा माल द्यावा लागतो, आणि तो ओमान, अपर झाकुम, अल शाहीन किंवा मर्बान या आखाताच्या परिसरातल्या तेलांपैकी असला तरी चालतो. एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याने महिनाभर तुकडे गोळा केले की दुबईचा भाव चढतो आणि त्यावर सूत्र बांधलेल्या आशियातल्या सगळ्या रिफायनऱ्यांना तो चढा भाव मोजावा लागतो. अबुधाबीने मार्च २०२१ मध्ये मर्बानचा वायदा सुरू केला तो या दुखण्यावरच. सूत्रातला आधार आपल्या तेलाचा असावा ही इच्छा प्रत्येक मोठ्या निर्यातदाराची असते.

---

ऊर्ध्वपातन

फरकाच्या आकड्यामागे रसायन आहे, ते सुटू नये म्हणून लिहितो.

तेलाची घनता एपीआय अंशात मोजतात: १४१.५ भागिले सापेक्ष घनता, त्यातून १३१.५ वजा. पाण्याला १० अंश येतात. ब्रेंट ३८ च्या आसपास आणि गंधक ०.४ टक्के. अरब लाइट ३३ च्या आसपास आणि गंधक दोन टक्क्यांच्या जवळ. मेक्सिकोचं माया २१-२२ अंश, गंधक तीन टक्क्यांच्या वर. हलक्या तेलातून साध्या ऊर्ध्वपातनातच पेट्रोल-डिझेलचे घटक भरपूर निघतात. जड तेलात तळाचा गाळ जास्त, तो फोडायला कोकर हवा, आणि गंधक काढायला हायड्रोजन. कोकर असलेली रिफायनरी माया घेऊन पैसे करते. नसलेली तेच तेल दहा डॉलर स्वस्त मिळालं तरी नाकारते.

'अमुक देशाचं तेल बंद झालं तर तमुक देशाचं घ्या' हे म्हणूनच इतकं सोपं नसतं. प्रत्यक्षात अडतं ते असं:

जड तेलासाठी बांधलेल्या ऊर्ध्वपातन स्तंभात हलकं शेल तेल घातलं तर माथ्याकडे वाफ इतकी वाढते की कंडेन्सर पुरत नाही. मग एकूण प्रवाह कमी करावा लागतो. टाकीभर स्वस्त तेल असूनही कारखाना अर्ध्या ताकदीने चालतो.

उपाय म्हणून जड आणि हलकं मिसळतात. तिथे दुसरा धोका. मेणयुक्त हलकं तेल आणि अस्फाल्टीनयुक्त (डांबरासारखा घटक असलेलं) जड तेल यांचं प्रमाण चुकलं की अस्फाल्टीन गोळा होऊन खाली बसतं, तेलातलं मीठ धुणाऱ्या डिसॉल्टरमध्ये पाणी-तेल वेगळं होत नाही, आणि तापक नळ्यांच्या आधीचे उष्णता-विनिमयक बुजतात. जड तेल टाकीत आधी घ्यावं आणि हलकं त्यात हळूहळू सोडावं, उलट करू नये. मिश्रणाची चाचणी प्रयोगशाळेत आधी झालीच पाहिजे. एकदा गाळ बसला की परत विरघळवणं महाकठीण.

तिसरं म्हणजे आम्लता. एका ग्रॅमला ०.५ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडपेक्षा जास्त आम्लांक असेल तर साधारण २२० ते ४०० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात नॅफ्थेनिक आम्ल साध्या पोलादाला खातं. तिथे मॉलिब्डेनम असलेलं स्टेनलेस पोलाद लागतं. असं तेल सूट देऊन विकलं जातं. ती सूट घेताना धातू बदलण्याचा खर्च हिशेबात धरलाय का, हे आधी पाहावं.

क्रॅकचं, म्हणजे तयार माल आणि कच्चं तेल यांच्या भावांतल्या फरकाचं, गणितही इथेच सांगतो. तीन बॅरल तेलातून दोन बॅरल पेट्रोल आणि एक बॅरल डिझेल असं धरतात. तेल ८०, पेट्रोल ९५, डिझेल १०० असेल तर (२ × ९५ + १०० − ३ × ८०) ÷ ३ = १६.६७ डॉलर. हा ढोबळ नफा. त्यातून इंधन, हायड्रोजन, उत्प्रेरक, पगार, व्याज सगळं जायचं. ग्राहकाला पंपावर जाणवणारी महागाई अनेकदा कच्च्या तेलाची नसून या क्रॅकची असते. २०२२ मध्ये डिझेलचं नेमकं तेच झालं होतं.

---

जिज्ञासा

मग एप्रिल २०२० मध्ये भाव शून्याखाली गेला तो कुठला? सूत्रातला आधार उणे झाला तर विक्रेत्याने पैसे द्यायचे का?

---

पिंपगणित

तो डब्ल्यूटीआय या अमेरिकी मापदंड तेलाचा मे २०२० चा वायदा. २० एप्रिलला तो उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्याच दिवशी जूनचा वायदा २०.४३ वर होता आणि ब्रेंट २५ च्या वर. जगातलं तेल फुकट झालं नव्हतं. एका गावातल्या टाक्यांमध्ये जागा मिळत नव्हती.

या वायद्याची मुदत संपताना ज्याच्या नावे सौदा उरतो त्याने ओक्लाहोमातल्या कुशिंग इथे प्रत्यक्ष तेल उचलायचं असतं. कुशिंगची वापरण्याजोगी साठवण साडेसात कोटी बॅरलच्या आसपास. टाक्या पुऱ्या भरल्या नव्हत्या, पण उरलेली जागा आधीच भाड्याने गेलेली होती. मुदत दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला संपणार. ज्यांच्याकडे ना टाकी ना पाइपलाइनमध्ये जागा, त्यांना कोणत्याही भावाने सुटायचं होतं. ब्रेंट वायद्याचा निकाल रोखीत होऊ शकतो आणि त्याचं तेल समुद्रकाठी भरलं जातं, ते जहाजात ठेवता येतं. म्हणून तो उणे झाला नाही. आणि हो, त्या दिवसाशी बांधलेल्या काही अमेरिकी विहिरींच्या खरेदीभावांचे जाहीर आकडे खरोखर शून्याखाली गेले होते.

पुढचा महिना महाग आणि चालू महिना स्वस्त असेल तर त्याला कँटँगो म्हणतात. साठवणूक परवडते का हे असं पाहतात: वीस लाख बॅरलचं महाकाय टँकर दिवसाला ६० हजार डॉलर भाड्याने घेतलं तर महिन्याला १८ लाख, म्हणजे बॅरलमागे ९० सेंट. त्यात मालावरचं व्याज आणि विमा मिळवा. लागोपाठच्या दोन महिन्यांच्या भावांतला फरक सव्वा डॉलरच्या वर असेल तरच समुद्रात तेल ठेवण्यात अर्थ. उलट परिस्थितीत, चालू महिना महाग असताना, टाकीत तेल ठेवणारा रोज तोटा सोसतो आणि साठे आपोआप रिकामे होतात. सरकारला साठे भरायचे असतात नेमके तेव्हाच बाजार 'आज विका' सांगत असतो. ही अडचण राखीव साठ्यांच्या चर्चेत फारशी कुणी विचारात घेत नाही.

---

खारा_वारा

भाड्याचा विषय निघाला म्हणून समुद्रावरचा हिशेब.

मोठं टँकर वीस लाख बॅरल, सुएझमॅक्स दहा लाख, अफ्रामॅक्स सहा-सात लाख. चढ-उतारीला मिळून साधारण ७२ तास मोफत. त्यापुढे विलंबशुल्क. दिवसाला ५० हजार डॉलर धरलं तर मोठ्या जहाजावर बॅरलमागे अडीच सेंट, अफ्रामॅक्सवर सात सेंट. बंदराचा उथळपणा हा म्हणूनच कायमचा खर्च असतो.

मोजणीत त्याहून जास्त जातं. भरणपत्रावरचा आकडा आणि उतरलेला माल यांत अर्ध्या टक्क्यापर्यंतची तूट चालवून घ्यायची प्रथा आहे. ८० डॉलरच्या तेलात वीस लाख बॅरलवर ०.३ टक्के तूट म्हणजे ६,००० बॅरल, ४ लाख ८० हजार डॉलर. भांडणाची कारणं ठरलेली: जहाजाच्या टाकीत आधीपासून उरलेलं तेल मोजलं नाही, तळाशी वेगळं बसलेलं पाणी मोजायची पट्टी नीट लावली नाही, किंवा तापमान एकाच खोलीवर घेतलं. दहा अंश सेल्सियसच्या चुकीने घनफळ पाऊण टक्क्याच्या आसपास सरकतं. वरचं, मधलं, खालचं अशी तिन्ही मापं घ्यावीत आणि ६० अंश फॅरनहाइटला आणूनच आकडा लिहावा.

आता राजकारण. ५ डिसेंबर २०२२ पासून रशियन तेलावर पाश्चात्त्य देशांची ६० डॉलरची कमाल किंमत आली. ती मोजतात जहाजात भरतानाची, आणि अंमल होतो विम्याच्या मार्गाने. समुद्री वाहतुकीतल्या सुमारे ९० टक्के जहाजांचं दायित्व ज्या विमा-मंडळांकडे आहे ती मुख्यतः पाश्चात्त्य कायद्याखाली येतात. माल ६० च्या खाली घेतला असं लेखी दिलं तरच विमा. पळवाट लगेच निघाली: तेल ५९ ला दाखवायचं आणि भाडं, 'इतर खर्च' फुगवायचे. २०२४ पासून मागितल्यावर खर्चाची फोड देणं बंधनकारक झालं ते त्यामुळे. दुसरी वाट जुन्या जहाजांची: झेंडा बदलायचा, ठावठिकाण्याचं यंत्र बंद ठेवायचं किंवा खोटं ठिकाण दाखवायचं, ग्रीसजवळच्या लॅकोनियन आखातासारख्या ठिकाणी एका जहाजातून दुसऱ्यात माल घ्यायचा. युरोपीय संघाने पुढे ही मर्यादा बाजारभावाशी बांधली आणि ३ सप्टेंबर २०२५ पासून ती ४७.६० वर आणली. निर्बंधांचा खरा फटका मला उत्पादनापेक्षा सूत्रातल्या 'फरका'वर दिसतो. तेल वाहत राहिलं, पण सूट वाढली, आणि त्या सुटीतला वाटा मधल्या व्यापाऱ्यांनी आणि जहाजमालकांनी घेतला.

विमा नसलेलं वीस वर्षांचं जहाज अरुंद सामुद्रधुनीत फुटलं तर सफाईचे पैसे कोण देणार, या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आज नाही: तेलगळतीचा आंतरराष्ट्रीय भरपाई निधी सदस्य देशांना ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे देतो. याची मला मनापासून काळजी वाटते.

---

वायुवेग

वायूचं जग तेलापासून अजून पूर्ण सुटलेलं नाही. उणे १६२ अंशाला वायू द्रव होतो आणि जागा सहाशेपट कमी लागते. जुने आशियाई करार ब्रेंटशी किंवा जपानच्या आयात-तेलाच्या सरासरीशी बांधलेले असतात. त्यातल्या टक्क्याला 'उतार' म्हणतात. उतार १२.५ टक्के आणि स्थिरांक ०.५० असेल तर ८० डॉलरच्या ब्रेंटला १०.५० डॉलर प्रति दशलक्ष ब्रिटिश उष्णता एकक. एका बॅरलमध्ये अशी ५.८ एककं, म्हणून १७.२ टक्के उतार म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने तेलाशी बरोबरी.

अमेरिकेचा द्रवरूप वायू फेब्रुवारी २०१६ मध्ये सबाइन पास बंदराहून निघाला तेव्हा वेगळं सूत्र आलं: हेन्री हब या अमेरिकी वायूच्या मापदंड भावाच्या ११५ टक्के अधिक ठरावीक द्रवीकरण शुल्क. हब ३ आणि शुल्क २.५० असेल तर ५.९५, भाडं वेगळं. इथे नवशिके हमखास चुकतात. शुल्क माल उचलला नाही तरी द्यायचंच असतं. म्हणून जहाज रद्द करायचं की नाही हे ठरवताना ५.९५ धरायचं नाही. ३.४५ अधिक भाडं एवढाच खर्च बाजारभावाशी ताडून पाहायचा. २०२० च्या उन्हाळ्यात बाजारभाव त्याच्याही खाली गेला आणि शंभराहून अधिक अमेरिकी जहाजफेऱ्या रद्द झाल्या.

करारात भावाइतकीच महत्त्वाची ओळ म्हणजे गंतव्याची. ठरलेल्या बंदरातच उतरवायची अट असेल तर ऑगस्ट २०२२ सारखा प्रसंग, जेव्हा युरोपचा टीटीएफ हा वायूचा मापदंड भाव ३०० युरो प्रति मेगावॉट-तासाच्या वर गेला होता, तुमच्या काही कामाचा नाही. अट नसलेला खरेदीदार जहाज वळवून कमावतो.

---

नफातोटा

उत्तम भर. एक धागा उरला: जमिनीखालचं तेल ज्या देशाचं, त्याला किती मिळतं? उत्पादन-वाटणी कराराचं साधं गणित करू. भाव ८०, खर्च बॅरलमागे २५. स्वामित्वधन (रॉयल्टी) १० टक्के. खर्चवसुली उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत. उरलेल्या नफ्याची वाटणी देशाला ६०, कंपनीला ४०. कंपनीच्या नफ्यावर ३० टक्के कर.

स्वामित्वधन ८. खर्चवसुली २५. नफा ४७. देश २८.२०, कंपनी १८.८०, त्यावर कर ५.६४. देशाकडे एकूण ४१.८४, म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्या ५५ पैकी ७६ टक्के.

आता भाव ४०. स्वामित्वधन ४. खर्चवसुली २० वरच थांबते, ५ पुढच्या वर्षी ढकलले. नफा १६, देश ९.६०, कंपनी ६.४०, कर १.९२. देशाला १५.५२ मिळाले, पण खर्च जाता उरले होते १५ च. कंपनी बॅरलमागे ५२ सेंट तोट्यात. भाव पडला की कंपन्या करार बदला म्हणून का येतात, आणि चढला की सरकारं का येतात, ते या दोन ओळींत आहे. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये ओरिनोकोच्या जड तेलाचे प्रकल्प सरकारी कंपनीच्या बहुमताखाली घेतले, तेव्हा दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या बाहेर पडल्या. पैकी कोनोकोफिलिप्सला मार्च २०१९ मध्ये जागतिक बँकेच्या लवादाने सुमारे ८.७ अब्ज डॉलर भरपाई मंजूर केली. मंजुरी आणि वसुली यांत किती अंतर असतं ते वेगळं.

---

जिज्ञासा

इतकं सगळं असताना ओपेकच्या कोट्याला अर्थ उरतो का?

---

पिंपगणित

उरतो, पण कपातीच्या आकड्यापेक्षा 'आधाररेषा' पाहा. कपात जिथून मोजायची तो आकडा हाच भांडणाचा मुद्दा असतो. जुलै २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी करार अडवून धरला तो आपली रेषा ३१.६८ लाख बॅरलवरून वाढवून घेण्यासाठी. शेवटी ३५ लाख मिळाले, मे २०२२ पासून. अंगोलाने डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडण्याचा निर्णय घेतला तो ११.१ लाखांच्या कोट्यावरून. त्यांचं उत्पादनच घटत होतं, आणि कमी कोटा मान्य करणं म्हणजे ती घट कागदावर कायम करणं.

कपात खरी आहे का हे तपासायचं तर तीन गोष्टी पाहाव्यात. कंडेन्सेट (वायूसोबत निघणारं अतिहलकं तेल) कोट्यात धरत नाहीत, तेव्हा कच्चं तेल त्या नावाने बाहेर जातंय का. उन्हाळ्यात सौदी अरेबिया वीजनिर्मितीसाठी किती तेल स्वतः जाळते, कारण तेवढी निर्यात आपसूक घटते आणि थंडीत परत वाढते. आणि जहाजांच्या हालचाली उत्पादनाच्या जाहीर आकड्याशी जुळतात का.

राखीव क्षमतेची व्याख्याही घट्ट धरा: ३० दिवसांत सुरू होईल आणि किमान ९० दिवस टिकेल तेवढीच. तीही बहुतेक आखातात आहे आणि होर्मुझच्या आत. २०२४ मध्ये त्या सामुद्रधुनीतून दिवसाला सुमारे दोन कोटी बॅरल जात होते. वळसा घालणाऱ्या मोठ्या वाहिन्या दोनच, सौदीची यानबूला जाणारी आणि अबुधाबीची फुजैराला जाणारी. दुसरीची क्षमता १५ लाखांच्या आसपास. म्हणजे वाट अडली तर राखीव क्षमता असूनही तिचा बराचसा भाग बाजारात येऊ शकत नाही.

---

खारा_वारा

त्यात एक पुरवणी. वायूला तर तो वळसाही नाही. कतारचा द्रवरूप वायू, २०२४ मध्ये वर्षाला सुमारे ७.७ कोटी टन, सगळा होर्मुझमधूनच निघतो, आणि टाकीत थांबवला तर रोज साधारण ०.१ टक्का उकळून जातो. तेल महिनोन्महिने उभं ठेवता येतं, हा माल नाही.